समुद्राला गोड पाणी

आमच्या घरी येणारा माणूस चपला काढता काढताच विचारतो, "खरंच जिवंत हाय का ते?" मी त्याच्या हातात भिंग देतो आणि खिडकीपाशी नेऊन उभा करतो. नऊ वर्षांच्या नोकरीत एवढं शिकलो आहे की जे दाखवता येतं ते सांगत बसू नये.

संपादकांनी पत्र पाठवलं की दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा. असले लेख निवृत्त माणसांनी लिहायचे असतात आणि माझे केस अजून काळे आहेत. पण निवृत्त होईपर्यंत थांबलो तर झालेली चूक मला गोड वाटायला लागेल. ती अजून बोचते आहे, तोवरच लिहिलेली बरी.

अमरावतीच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. बाहेरच्यांना हे काम काय ते ठाऊक नसतं. पावसाळ्यात बेडूक, उन्हाळ्यात झुरळं आणि बारा महिने गांडुळं, हा सगळा माल विद्यार्थ्यांच्या टेबलावर वेळेवर हजर करायचा. बरण्यांमधलं औषधी पाणी बदलायचं. चिठ्ठ्यांवरची अक्षरं पुसट झाली की पुन्हा लिहायची. समुद्रातले सगळे प्राणी आमच्याकडे बरण्यांतच यायचे, कोकणातल्या एका पुरवठादाराकडून, मेलेले आणि पांढरेफटक पडलेले. तारामासा पांढरा, समुद्रफूल पांढरं, खेकडाही पांढरा. आमच्या विद्यार्थ्यांच्या लेखी समुद्र म्हणजे चुन्यानं सारवलेली जागा.

त्या बरण्यांच्या शेजारी प्रवाळाचा एक दगड होता. प्रवाळ म्हणजे ज्याला लोक पोवळं म्हणतात, त्याच्याच भावकीतलं. मी दर जूनमध्ये तो दगड रिठ्याच्या पाण्यानं धुऊन गच्चीवर वाळवायचो. परीक्षेच्या दिवशी तो टेबलावर ठेवायचो.

एका वर्षी बाहेरगावचे परीक्षक आले होते. चांदूर बाजारचा वासुदेव नावाचा विद्यार्थी तोंडी परीक्षेला उभा होता. परीक्षकांनी दगड त्याच्या हातात दिला.

"काय आहे हे?"

"प्रवाळ, सर."

"सजीव की निर्जीव?"

वासुदेवनं तो फिरवला, नखानं टिचकी मारली, वास घेतला. प्रामाणिकपणे म्हणाला, "दगड आहे, सर."

परीक्षक हसले. आमचे विभागप्रमुख देवस्थळे सरही हसले. वासुदेव नापास झाला. मी फडकं हातात घेऊन शेजारीच उभा होतो आणि माझ्या कानशिलात आग पेटली होती. त्या मुलानं तीन वर्षांत दुसरं काय पाहिलं होतं? त्याच्या हातात होता तो दगडच होता! पुस्तकात छापलं होतं की हा प्राणी आहे, आणि पुस्तकापेक्षा हाताला मानणारा विद्यार्थी आम्ही नापास केला होता.

माझं रक्त असल्या गोष्टींनी तापतं त्याला कारण आहे. माझे वडील शहराच्या जुन्या परकोटाजवळच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. गिरणी कामगारांची, शाळा मास्तरांची, साक्षरता वर्गांची पत्रकं त्यांच्या हाताखालून जात. मी अक्षरं शिकलो ती त्या पत्रकांच्या वाया गेलेल्या कागदांवर. "जागे व्हा", "विचारा", "तपासून पाहा" हे शब्द मला आईच्या अंगाईइतके ओळखीचे आहेत. अन्याय दिसला की आमच्या घरात कोणी भांडत नसे, पत्रक काढत असे.

तेव्हा मी पत्रक काढलं. एका बाजूनं छापलेलं, पिवळ्या कागदावर. "वऱ्हाडच्या विद्यार्थ्यांनो, मेलेलं ज्ञान नाकारा! जुलैच्या पहिल्या रविवारी राजापेठेत आमच्या घरी या. जिवंत प्रवाळ डोळ्यांनी पाहा. प्रवेश सर्वांना." खाली माझं नाव आणि पत्ता. अकोल्यापासून शेंदूरजनाघाटपर्यंत जिथे जिथे शाळा होती तिथे मी ते पोचवलं.

त्या वेळी माझ्या घरी समुद्राचा एक थेंबही नव्हता.

देवस्थळे सर मूळ पुण्याचे, अमरावतीत पंधरा वर्षं काढलेले, कमी बोलणारे. त्यांनी पत्रक चष्मा वर करून वाचलं. "प्रवाळ पत्रकं वाचत नाही," ते म्हणाले. "इथून समुद्र चारशे मैलांवर आहे. मेमध्ये इथल्या फरशीवर पाय ठेवता येत नाही. कॉलेज याला जागा देणार नाही, मीही मागणार नाही."

"घरी ठेवतो, सर."

"ठेवा. जुलैच्या त्या रविवारी जिवंत दाखवलंत, तर तोंडी परीक्षेतून तो दगड मी स्वतः काढून टाकीन. नाही दाखवलंत, तर पुन्हा माझ्यासमोर हा विषय काढायचा नाही."

हा करार झाला दिवाळीच्या तोंडावर. माझ्या हातात आठ महिने होते.

दिवाळीच्या सुट्टीत मी कोकणात गेलो. ओहोटीला खडकांच्या खळग्यांत गुडघाभर पाणी राहतं. त्यात एका कोळ्यानं मला मुठीएवढं प्रवाळ दाखवलं, तपकिरी, मधून हिरवट झाक मारणारं. ते ज्या खडकावर बसलं होतं त्याचा तुकडाच छिन्नीनं काढला. सोबत एक समुद्रफूल, म्हणजे खडकाला चिकटून राहणारा फुलासारखा प्राणी, आणि शंखात राहणारे चार खेकडे. हे सगळं मी आमच्या इंदूच्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्यांतून आणलं. इंदू म्हणजे माझी बायको. धातूचा डबा समुद्राच्या पाण्याला चालत नाही, पाणी विषारी होतं. म्हणून बरण्या. त्या वर्षी आमच्याकडे आंब्याचं लोणचं घातलं गेलं नाही, आणि ही गोष्ट माझ्या सासुरवाडीत अजून काढली जाते.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. लोखंडी चौकट गंजते, म्हणून सागवानी पेटी करून घेतली आणि पुढची काच डांबरात बसवली. पाणी मुंबईहून काचेच्या मोठ्या बाटल्यांतून रेल्वेनं बडनेऱ्याला यायचं. तिथून टांग्यानं घरी. सोबत हवा लागते. पाण्यात सतत बुडबुडे सुटले नाहीत तर जीव गुदमरतात. विजेचा पंप आम्हाला स्वप्नातही दिसला नव्हता. आमच्या कोपऱ्यावर सायकलवाले रहीमभाई होते. मी त्यांच्याकडे सायकलची जुनी ट्यूब मागायला गेलो.

"किस लिए मास्टर?"

मी सांगितलं. त्यांनी पाना खाली ठेवला. "सायकल की ट्यूब पे समुंदर चलाएगा? ट्रक की ले!" त्यांनी ट्रकची ट्यूब दिली, तिच्या तोंडाला बारीक रबरी नळी आणि चिमटा बसवून दिला. सकाळ-संध्याकाळ मी ती पंपानं फुगवायचो आणि ती बारा तास थेंबथेंब हवा सोडायची. रहीमभाई जाता-येता खिडकीतून ओरडत, "साँस चल रही है ना?"

इथे बाहेरच्या वाचकासाठी दोन ओळी. प्रवाळ हा एक प्राणी नसून खूप लहान लहान प्राण्यांची वसाहत असते. तांदळाच्या दाण्याएवढा एकेक जीव, त्याला तोंड, तोंडाभोवती हात. हे सगळे मिळून स्वतःखाली चुन्याचं घर बांधत जातात. दगड दिसतो ते घर. मालक वर राहतो, पातळ कातडीसारखा. त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती राहतात, त्यांना ऊन लागतं, म्हणून खिडकी. पण पाणी तापलं की मालक मरतो आणि घर तेवढं उरतं. आम्ही वासुदेवच्या हातात रिकामं घर दिलं होतं आणि विचारलं होतं, इथे कोण राहतं?

हिवाळाभर टाकी उत्तम चालली. प्रवाळाच्या अंगावर चांदणीच्या आकाराची शेकडो तोंडं होती, दिवेलागणीला त्या चांदण्यांतून हात बाहेर यायचे. मी सुकी कोळंबी कुटून तिची चिमूट सुईच्या टोकानं द्यायचो आणि ते इवले हात ती आत ओढून घ्यायचे. ते प्रथम पाहिलं तेव्हा इंदू इतकंच म्हणाली, "जेवते!" आणि स्वयंपाकघरातून पाट आणून समोर बसली.

लोक यायला लागले. शेजारचे जोशीबुवा ज्योतिषी होते. त्यांनी तीन दिवस लागोपाठ येऊन टाकी निरखली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "मंगळाच्या अंगठ्यांसाठी यातलं पोवळं तयार व्हायला किती अवधी?"

"हे ते पोवळं नाही, बुवा. आणि हे जिवंत आहे."

"जिवंत असेल तर गुण जास्तच येईल," असं म्हणून ते गेले ते पुन्हा चौथ्या दिवशी हजर.

अकोल्याहून एक शेटजी मोटारीनं आले. त्यांचा कापसाच्या जिनिंगचा कारखाना होता आणि बर्फाचाही. माणूस दिलदार, आवाज मोठा. पत्रक त्यांनी घडी करून खिशात ठेवलं होतं. "हे घर लहान आहे तुमचं. माझ्या दिवाणखान्यात ठेवू. खालून हिरवे दिवे लावू. मधात संगमरवराची मत्स्यकन्या बसवू."

"मत्स्यकन्या प्रवाळात राहत नाही."

"राहात नसन तं ठेवू ना आपण!" ते मनापासून म्हणाले. "पाव्हण्यांनी म्हटलं पाह्यजे, शेटजीकडं समुद्र हाय."

मी नकार दिला. थोडं भाषणही दिलं, पत्रकातलंच. त्यांनी ते शांतपणे ऐकलं, आणि जाताना इंदूला म्हणाले, "बाई, उन्हाळ्यात आठवण ठेवजा. माझ्या तळघरात बर्फ असते."

एप्रिल लागला. पाणी उडायला लागलं. टाकीच्या काचेवर मी काचेवर उमटणाऱ्या मेणाच्या पेन्सिलीनं पातळीची रेघ मारली होती. सकाळी रेघेला असलेलं पाणी दुसऱ्या सकाळी करंगळीच्या रुंदीएवढं खाली. माझा हिशेब सरळ होता: समुद्र कमी झाला, समुद्र भरा. साठ्यातलं मुंबईचं पाणी ओतत गेलो. तीन आठवड्यांत बाटल्या रिकाम्या झाल्या. नवीन मागवल्या त्या बडनेऱ्याच्या फलाटावर उतरवताना फुटल्या. फलाटभर समुद्र पसरला आणि सूर्यानं तो दहा मिनिटांत वाळवला. मी तिथे हात बांधून उभा होतो.

त्याच संध्याकाळी मला ती कल्पना सुचली. आज लिहितानाही लाज वाटते, पण त्या दिवशी मी टांग्यात ताठ बसून आलो.

इंदूचं माहेर भातकुलीकडचं. तो सगळा मुलूख खारपाणाचा. विहिरीला पाणी भरपूर, पण खारं. जनावरंसुद्धा तोंड वळवतात. पूर्वी त्या भागात विहिरीच्या पाण्यापासून मीठ काढत असत, असं म्हातारे सांगतात. मला वाटलं, मुंबईचे पाय कशाला धरायचे? वऱ्हाडच्या पोटात वऱ्हाडचा समुद्र आहे! स्वावलंबन! मनातल्या मनात पुढच्या पत्रकाची मथळ्यासकट जुळणी झाली.

सासरे, म्हणजे मामाजी, खळ्यात दोर वळत बसले होते. मी दोन घागरी भरून मागितल्या.

"या पाण्याच्या?" त्यांनी दोर सोडला. "जवाईबापू, या पाण्यानं डाय शिजत नाई. साबणाले फेस येत नाई. आमी आंघोय केली तं अंगावर पांढरं राह्यते. आन् तुमी हे कोणाले पाजता?"

"समुद्राच्या प्राण्यांना. ते खाऱ्या पाण्यातच राहतात."

"खारं तं माह्या बायकोचं बोलणंही होतं," मामाजी म्हणाले. "म्हून तिच्यात मासे नाई पोसले मी."

सगळे हसले. मीही हसलो. घागरी घेतल्या. शिकलेला जावई असल्यानं त्यांनी पुढे अडवलं नाही, आणि शिकलेला जावई असल्यानं मी थांबलो नाही.

चार दिवस मी ते पाणी घातलं. पहिल्या दिवशी प्रवाळानं हात बाहेर काढले नाहीत. मी म्हटलं, सवय होईल. दुसऱ्या दिवशी अंगावर शेंबडासारखा चिकट थर आला. तिसऱ्या दिवशी समुद्रफुलानं खडक सोडला आणि ते उलटं होऊन तळाशी पडलं. चौथ्या दिवशी दुपारी मी कामावरून आलो तेव्हा खेकडे शंखांतून अर्धे बाहेर येऊन मेले होते, पाण्याला वास येत होता, आणि प्रवाळाचा डावा अर्धा भाग पांढरा पडला होता. मी बोट लावून पाहिलं. नखाला खडखड लागलं. दगड.

मी खाली बसलो. मला आठवला तो वासुदेवचा टिचकी मारणारा हात.

इंदूनं मेलेलं सगळं चमच्यानं काढलं. मग तिनं बोट टाकीत बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "बाप्पा! हे तं लोणच्याच्या खारापेक्षा खारट हाय. तुमी रोज काय घालता यात?"

"खारं पाणी. आधी मुंबईचं, मग तुझ्या गावचं."

"काऊन?"

"उडून जातं म्हणून."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला माझी दया आली असावी. "भाजी आटली तं खारट होते का अळणी होते?"

मीही बोट बुडवून जिभेला लावलं.

"सांगा ना. वरण आटलं तं त्याच्यात काय घालते माणूस? मीठ घालते का पाणी घालते?"

"पाणी."

"मग? पाणी उडते. मीठ कुठी उडते? मीठ बुडाशीच राह्यते. तुमी रोज मिठावर मीठ घालून राह्यले!"

मी सात वर्षं विज्ञान शिकलो आहे. बाष्पीभवनाची व्याख्या मला झोपेत विचारा. पण माझ्या डोक्यात समुद्र ही एक अखंड पवित्र वस्तू होती, तिला गोड पाणी लावणं म्हणजे भेसळ वाटत होती. टाकीत रोज घालायला हवं होतं ते साधं पिण्याचं पाणी. आणि मामाजींच्या विहिरीत मिठाबरोबर दुसरेही क्षार होते, समुद्राच्या मापात न बसणारे. ज्याच्या घरी डाळ शिजत नाही त्या माणसानं मला ते पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं.

दुसऱ्या सकाळी मी देवस्थळे सरांकडे गेलो आणि झालं ते सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, पत्रक मागे घ्या. ते उठले, कपाटातून एक काचेची नळी काढली. गवळ्याचं दूध तपासायला वापरतात ती, पाण्यात उभी तरंगणारी. पाणी जितकं दाट तितकी वर येते. "खरं समुद्राचं पाणी उरलंय का कुठे?"

"बाटल्यांच्या तळाशी असेल, तांब्याभर."

"त्यात ही तरंगवा. जिथपर्यंत बुडेल तिथे नळीला दोरा बांधा. टाकीत दोरा पाण्याच्या वर दिसला की गोड पाणी घाला, हळूहळू. एकदम घातलंत तर उरलेलंही माराल." मग दाराशी म्हणाले, "सांगायला आलात, हे बरं केलंत."

टाकीतलं अर्धं पाणी काढून टाकलं. मुंबईला पुन्हा तार केली, आणि या वेळी मी स्वतः मालडब्यापाशी उभं राहून बाटल्या पोटाशी धरून उतरवल्या. पाच दिवसांत दोरा पाण्याच्या रेषेवर आला. प्रवाळाचा उजवा अर्धा भाग तपकिरी होता. पण मिटलेला. तो जिवंत आहे की मरायचा राहिला आहे, ते कोणी सांगू शकत नव्हतं.

आणि मे समोर होता.

अकोल्याहून शेटजींचे मुनीम आले. बातमी तिकडे पोचली होती. निरोप साधा होता: उरलेलं प्रवाळ तळघरात आणा, बर्फ हवा तेवढा, मोटार पाठवतो. मत्स्यकन्येचा आग्रह नाही.

मी त्या दिवशी नाही म्हणू शकलो नाही, हे कबूल करतो. जीव वाचणार असेल तर माझी तत्त्वं किती वजनाची? मी इंदूला म्हटलं, "द्यावं का?"

ती टाकीसमोर पाटावर बसून ट्यूबला हवा भरत होती. "त्याहीच्या तळघरात ऊन येते का?"

"नाही."

"तुमीच म्हणता ना याले ऊन लागते म्हून. थंडा राहीन, पण उपाशी मरन. आन् जुलैत लोकाईले काय सांगान? अकोल्याच्या तळघरात चला म्हून?" ती पंप थांबवून म्हणाली, "आपल्या माठातलं पाणी थंड राह्यते. त्याले कोण बर्फ लावते?"

मुनीमजींना आम्ही ताक देऊन, आभार मानून परत पाठवलं.

मग आम्ही टाकीचा माठ केला. घराच्या थंड कोपऱ्यात जिथे पिण्याचे माठ ओल्या वाळूवर असायचे, तिथून इंदूनं ते उचलले. ती वाळू खिडकीखाली पसरली आणि टाकी तिच्यावर बसवली. लाकडी बाजूंना ओलं तरट, खिडकीला वाळ्याचा पडदा, सकाळचे दोन तास उन्हासाठी वर गुंडाळलेला, एरवी कायम ओला. वऱ्हाडची हवा कोरडी, त्यामुळे पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना गारवा ठेवून जातं. कोकणातल्या दमट हवेत ही युक्ती चालली नसती. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं तेव्हा टाकीतलं पाणी हाताला गार लागायचं. आमचे माठ मात्र उघड्यावर गेले आणि तो उन्हाळा आम्ही कोमट पाणी पिऊन काढला.

नळ सकाळी तासभर यायचा. त्यात जंतू मारायचं औषध असायचं, ते उडून जावं म्हणून पाणी दिवसभर परातीत उघडं ठेवायचो. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या, नळीवरचा दोरा पाहून. शाळेला सुट्टी असते, कॉलेजला असते, पण टाकीला नसते. त्या दोन महिन्यांत आम्ही एकाही लग्नाला जोडीनं गेलो नाही. एक जण घरी.

आणि त्या काळात मी दुसरं पत्रक काढलं. वडील म्हणाले, "रविवार होऊ दे. मग काढ." मी ऐकलं नाही. मथळा होता, "माझी चूक". कोणतं पाणी घातलं, किती दिवस, काय काय मेलं, कुणी काय विचारलं होतं आणि मी काय ऐकलं नाही, सगळं. शेवटी: "अर्धं उरलं आहे. रविवार ठरलेलाच आहे. जे असेल ते दाखवू." वडिलांनी ते स्वतः जुळवलं. प्रूफ मला देताना म्हणाले, "एवढ्या वर्षांत असं पत्रक पहिल्यांदा जुळवलं. सगळी दुसऱ्यांच्या चुकांची असतात."

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी इंदूनं मला हाताला धरून टाकीपाशी नेलं. उजव्या भागाच्या कडेला एक चांदणी उघडली होती. एकच. मी कोळंबीचा कण सुईवर धरला. इंदूनं सुई माझ्या हातातून घेतली आणि तिनं तो दिला. इवल्या हातांनी तो पकडला.

जुलैच्या पहिल्या रविवारी सकाळपासून लोक यायला लागले. दोन खोल्यांच्या घरापुढे रांग लागली आणि रहीमभाई दुकान बंद करून रांग लावायला उभे राहिले. "एक एक करके! समुंदर कहीं भाग नहीं रहा!" जोशीबुवा आले. देवस्थळे सर आले आणि रांगेत सर्वांच्या मागे उभे राहिले. काय बघायला मिळत होतं? मुठीएवढा एक तुकडा, अर्धा पांढरा मेलेला, अर्धा तपकिरी, आणि त्या अर्ध्यावर कोळंबीच्या वासानं भरदिवसा उघडलेल्या पंचवीसतीस चांदण्या. टाकीवर मी चिठ्ठी लावली होती: "पांढरा भाग: सहायकाच्या चुकीनं मेला. तपकिरी भाग: जिवंत." वडील म्हणाले होते, चिठ्ठी काढ. मी काढली नाही.

चांदूर बाजारहून वासुदेवही आला. त्यानं भिंग बराच वेळ धरून ठेवलं. मी सुई दिली. त्यानं कण पुढे केला, चांदणीनं तो ओढला, आणि वासुदेव मागे न वळताच म्हणाला, "सर, मी नापास झालो ते बरोबर होतं."

"नव्हतं," मागून देवस्थळे सर म्हणाले. सोमवारी तो दगड परीक्षेच्या टेबलाखालच्या पेटीत गेला आणि अजून तिथेच आहे. आता विद्यार्थी कॉलेजमधून चालत आमच्या घरी येतात.

दुपारी बैलगाडी येऊन थांबली. मामाजी उतरले. गाडीत गवताच्या पेंढ्यांत बसवलेली एक घागर, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. त्यांच्या गावी पिण्याचं पाणी दीड कोसावरच्या झिऱ्यातून येतं. वाटीनं भरून घागर होते, आणि ती भरायला माणसाची अर्धी सकाळ जाते. इंदूचं लहानपण त्या वाटेवर गेलं आहे.

त्यांनी टाकी पाहिली. चिठ्ठी मला मोठ्यानं वाचायला लावली. मग पांढऱ्या भागाकडे बोट केलं.

"आमच्या पाण्यानं मेलं ते हे?"

"माझ्या हातानं, मामाजी."

त्यांनी घागरीचं फडकं सोडलं. "आमचं खारं तुमच्या समुद्राले मानवलं नाई. हे झिऱ्याचं गोड हाय. हे तं चालन ना?"

इंदूनं तांब्या पुढे केला. मामाजींनी त्यात पाणी घेतलं आणि एक थेंबही बाहेर न सांडता, जसं त्या गावची माणसं पाणी ओततात तसं, काचेच्या कडेनं हळूच सोडलं. पाणी पेन्सिलीच्या रेघेला आलं. त्यांनी तांब्या थांबवला आणि तळाशी उरलेला घोट स्वतः पिऊन टाकला.

त्याला आता काही वर्षं झाली. समुद्रफूल मी पुन्हा आणलं नाही, जे मारलं ते मारलं. प्रवाळ तेच आहे. जिवंत कातडी मेलेल्या दगडावर कडेकडेनं सरकते आहे, इतक्या सावकाश की रोज पाहणाऱ्याला कळत नाही. म्हणून दर दिवाळीला मी पुढच्या काचेवर पेन्सिलीनं कड टिपतो. पहिल्या वर्षी रेघ हलली नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. नंतर जवाच्या दाण्याएवढी पुढे गेली. गेल्या आठवड्यात मोजलं तर पांढरा भाग अर्ध्यावरून पाव झाला होता.

चिठ्ठीवर अजून तेच लिहिलेलं आहे. पांढरं सगळं झाकलं गेलं की ती काढीन. इंदू म्हणते, झाकलं तरी काढू नका.